आतल्या काठ्याची माती

त्या सकाळी बाहेरच्या काठ्यावर एकशे चार माणसं होती. एकसष्ट पुरुष, त्रेचाळीस बायका. बावन्न घमेली, सतरा पावडे, बांबूच्या चौदा चटया, सुरूच्या खोडांचे तीस खुंट आणि दोन गाड्या भरून पेंढा. मी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा मोजताना लोक जागा बदलत होते आणि आकडा जुळेना. जोळात मात्र एकसष्टच माणसं धरली गेली. बायका माती काढत, माती वाहत, पण त्यांना जोळात मोजायची पद्धत नव्हती.

जोळ म्हणजे आमच्या खारेपाटातली जुनी रीत. खाडीच्या भरतीनं काठा, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, फुटला, त्यात खांड पडली, की घरटी एकानं यायचं आणि सगळ्यांनी मिळून ती बांधायची. जो येणार नाही त्याच्या शेताला उतरत्या पावसाळ्यात कोणी गोडं पाणी देत नसे. आमच्या गावाला दोन काठे होते. खाडीला लागून बाहेरचा, आणि त्याच्या आत, साधारण हाकेच्या दुप्पट अंतरावर, आतला. दोन्हींच्या मधला चाळीस एकरांचा पट्टा आमच्या पणज्यांनी खाडीकडून हिसकावून घेतलेला. आतल्या काठ्याच्या मागे गावाची उरलेली सगळी भातशेती, पिण्याचं तळं आणि घरं.

होळीच्या उधाणाला बाहेरचा काठा फुटला होता. खांड चौदा हात रुंद. फुटली होती ती नेमकी माझ्या आयच्या शेतासमोर.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच घरी आले होते आणि कॉलेजातून महिनाभरासाठी मागून आणलेलं लेव्हलचं यंत्र घेऊन रोज काठ्यावर फिरत होते. मला खरं तर खाजणातल्या, भरतीच्या चिखलात वाढणाऱ्या वनस्पती मोजायच्या होत्या. कुठली वनस्पती किती उंचीवर उगवते, एवढंच. पण यंत्र लावलं की ते सगळ्याचीच उंची सांगतं. त्यानं मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बाहेरच्या पट्ट्यातली शेतं काठ्यापलीकडच्या खाजणापेक्षा जवळजवळ दोन फूट खाली गेली होती. खाजणात प्रत्येक भरती थोडा गाळ टाकून जाते, त्यामुळे ते वर चढत राहतं. काठ्याच्या आतली जमीन मात्र सुकते आणि बसते. म्हणजे आपण खाडीला जितकी वर्षं बाहेर ठेवलं, तितके आपण तिच्या खाली उतरत गेलो. दुसरी गोष्ट, आतला काठा बाहेरच्यापेक्षा तीन फूट ठेंगणा झाला होता. याचं कारण शोधायला यंत्र लागत नव्हतं. खांड बुजवायला चिकट, कोरडी माती लागते, खाजणातला रेंदा चालत नाही. अशी माती सगळ्यात जवळ मिळते ती आतल्या काठ्याच्या पायथ्याला. पाच वर्षांत तीन खांडी पडल्या होत्या आणि तिन्ही त्याच मातीनं बांधल्या होत्या. एक काठा दुसऱ्याला खाऊन जगत होता.

चार दिवसांपूर्वी हे मी देवळापुढच्या ओट्यावर जोळासमोर मांडलं होतं. ही खांड बांधू नका, म्हटलं होतं. बाहेरचा पट्टा खाडीला देऊन टाका, सगळी माती आतल्या काठ्याला लावा. पट्ट्यात गाळ साचेल, मोरसाची खारी झुडपं येतील, मग तिवराची झाडं येतील, आणि लाटेचा जोर तिथेच मोडेल. मी हे बरंच नीट, आकड्यांसकट बोलले, आणि बोलून झाल्यावर ओट्यावर पहिला आवाज आला तो हसण्याचा.

"हसुराम, तुझी पोर खेकडे मोजाला गेली नि दर्याची वकील होऊन आली," कोणीतरी मागून म्हणालं.

बाबा जोळाचे म्होरके होते. ते हसले नाहीत. ते म्हणाले की त्यांच्या आज्यानं कमरेएवढ्या चिखलात उभं राहून हा काठा घातला, आणि तो सोडा असं सांगायला त्याच्याच घरातलं माणूस उठलं, याची त्यांना लाज वाटते. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "दर्यानी मागला म्हनून द्यायचा काय? आज शेत मागल, उद्या घर मागल."

"घर मागू नये म्हणूनच शेत द्यायचं," मी म्हणाले.

त्यावर गोंगाट झाला. त्यात एकटा पोशानाना शांत होता. पोशानानाची सगळी शेती म्हणजे बाहेरच्या पट्ट्यातलं एक खाचर. तो उठला, धोतराला लागलेली माती झटकली आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "पोरीचा बरोबर आसंल. पन माझा तेवढाच हाय." तो गेला आणि त्याच्यामागे बैठकही उठली.

घरी येऊन मी आयच्या मागे लागले. ज्या शेतासमोर खांड होती ते शेत तिचं होतं. तिचं माहेर गावातच. आजोबांना, चांगो घरतांना, मुलगा नव्हता. जाताना त्यांनी शेत लेकीच्या नावावर केलं. मी तिला म्हटलं, तू बोल, तुझं शेत आहे, तुझं ऐकतील. ती बोंबील चिरत होती. तिनं सांगितलं की जोळात बाया बोलत नाहीत आणि मी बोलले तेच पुष्कळ झालं. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाली, "पट्टा गेला तर माझा पन जाल. बापाचा हाय तो. तुला काय, तुला तिथं फक्त उंची दिसते." मग बोंबलांवर मीठ टाकून हात धुतले आणि मला जेवायला बस म्हणाली.

त्या सकाळी म्हणूनच मला घमेलं उचलावं लागलं. यंत्र आणि पट्टी बाबांनी घराच्या माळ्यावर ठेवायला लावली होती. शिकलेली असलीस तरी याच गावची आहेस, रांगेत उभी राहा, एवढंच ते म्हणाले. नवमी होती. खांड नेहमी भांगात बांधतात, अष्टमी-नवमीला, जेव्हा पाणी फारसं चढत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. म्हणजे सकाळी पावणेसातला भरती आणि दुपारी एकच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्या ओहोटीच्या तळाला खांड मिटली पाहिजे. पाणी परतलं आणि हातभर जरी फट राहिली, तरी सगळं केलेलं काम तीच फट घेऊन जाते. आणि आठवड्याभरात वैशाखी पौर्णिमेचं उधाण येणार होतं.

काम मात्र बघण्यासारखं चाललं होतं, हे मला कबूलच करावं लागेल. पुरुषांनी दोन्ही बाजूंनी खुंट ठोकत आणले. खुंटांना चटया लावल्या. चटयांच्या मध्ये पेंढा आणि चिकणमाती तुडवत तुडवत भरत गेले. आतल्या काठ्यापासून बाहेरच्या काठ्यापर्यंत शेताच्या बांधांवरून माणसांची रांग होती आणि घमेली हातोहात पुढे जात होती. कोणी गाणं म्हणत होतं, कोणी शेजारच्याच्या नव्या मोटारसायकलची थट्टा करत होतं. माझ्या पुढे उभी असलेली पद्मीकाकी दर चार घमेल्यांनी मागे वळून विचारायची, मोजतेस ना गं, किती झाली? तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की टोमणा होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आय पहाटेपासून आतल्या काठ्याशी होती. माती काढणाऱ्या बायकांत. बाराच्या सुमाराला ती रांगेत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. माती काढणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत भरलेले असतात. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत भरला होता आणि चोळीची बाहीसुद्धा चिखलानं कडक झाली होती. मी विचारलं काय झालं, तर उत्तर न देता तिनंच विचारलं, "तुझ्या काठीनं आतला काठा किती निघाला व्हता?"

"बाहेरच्यापेक्षा तीन फूट खाली."

"ती उंची झाली. जाडी किती?"

जाडी मी मोजली नव्हती. माझ्या डोक्यात लेव्हल होती, म्हणून मी फक्त उंची घेत फिरले होते. तसं सांगितलं.

"मोजाची व्हती," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं घमेलं घेऊन पद्मीकाकीकडे दिलं.

एक वाजत आला तेव्हा खांड एका माणसाच्या रुंदीएवढी उरली होती. खाडी पार खाली गेली होती. फटीतून फक्त पट्ट्यात अडकलेलं पाणी झिरपून बाहेर जात होतं. रांग थांबली. घमेली डोक्यावरच राहिली, कारण आता शेवटचा गोळा बसल्याशिवाय पुढची माती टाकायची नसते. पेंढा घालून मळलेल्या चिकणमातीचा तो गोळा टोपलीएवढा असतो. त्याची रीत अशी की ज्याच्या शेतासमोर खांड, त्याच्याच हातानं तो बसवायचा. दुसऱ्या कोणाचा हात लागला तर खांड परत फुटते, अशी समजूत आहे.

बाबांनी गोळा उचलला. ते खांडीत उतरणार, तेवढ्यात बाळोजीआबा काठी टेकत पुढे आले. जोळातलं सगळ्यांत जुनं माणूस. त्यांची नजर गेली होती बरीचशी, पण रीत कुठे मोडते ते त्यांना लगेच दिसायचं.

"हसुराम, थांब. शेत कोनाचा?"

"आमचाच," बाबा म्हणाले.

"तुमचा नाय. चांगोचा. चांगोनी लेकीला दिला. तू जावई." आबांनी सगळ्यांकडे तोंड फिरवलं. "मागल्या खांडीला जावयाचाच हात लागला व्हता. महिना टिकली काय? चांगोच्या लेकीला बोलवा."

थोडं हसू फुटलं. जावयाचा विषय निघाला की आमच्याकडे हसतातच. बाबांचा चेहरा उतरला, पण म्होरक्यानं रीत मोडायची तर जोळ कशावर उभा राहणार? त्यांनी आयला हाक मारली, नावानं नाही, "दर्शनाचे आय" अशी. ती रांगेतून निघाली, काठ्यावर चढली. बाईमाणूस खांड मिटवणार म्हणून पोरं पुढे येऊन बघायला लागली. बाबांनी गोळा तिच्या हातात दिला आणि हळू आवाजात कुठे दाबायचा ते सांगितलं.

ती खांडीपर्यंत गेली. वाकून फटीकडे पाहिलं. मग ती सरळ झाली, गोळा डोक्यावर घेतला, वळली, आणि काठा उतरून शेताच्या बांधावरून आत चालू लागली.

काहींना वाटलं, बापाच्या शेताला आधी गोळा दाखवत असेल, बायकांचं काही असतं. ती शेतातून पुढे गेली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "वैनी, खांड हिकडं हाय." बाबांनी एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. ती मागे न बघता चालत राहिली. रांगेतल्या एकेका माणसाच्या समोरून ती गेली, आणि आपल्या समोरून गेली की प्रत्येकजण मान वळवून बघत होता. पद्मीकाकीनं डोक्यावरचं घमेलं तसंच धरून तिच्यामागे चालायला सुरुवात केली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग दुसरी निघाली. मग मी. भरलेल्या घमेल्यांची ती रांग आली होती त्याच वाटेनं परत फिरली. पुरुष मागून ओरडत आले. पोशानाना धावत आला आणि आयच्या बाजूनं चिखलातून चालत, जवळजवळ पळत, म्हणत राहिला, "गुनावैनी, पानी फिरल. पानी फिरल गो वैनी." तिच्या मानेची शीर ताणलेली मला मागून दिसत होती. ओल्या मातीचा तेवढा गोळा म्हणजे अर्धं पोतं तांदळाचं वजन.

आतल्या काठ्याला सकाळी माती काढलेला लांबच लांब खड्डा होता. त्याच्या एका टोकाला पेंढ्याची पेंढी उभी टेकवून ठेवलेली होती. आयनं गोळा खाली उतरवला, पेंढी बाजूला केली आणि थांबली. आबा कोणाच्या तरी खांद्याला धरून येत होते. ते पोहोचले तशी ती बाजूला झाली.

"वाकून बघा," तिनं त्यांना सांगितलं.

आबा वाकले. मग बाबा वाकले. मग एकेक करून सगळे. मी वाकले तेव्हा मला काठ्यातून आरपार गेलेलं, घमेल्याएवढं भोक दिसलं. कडांना चिंबोऱ्यांची, खेकड्यांची बिळं होती. पलीकडे उजेड होता, आणि त्या उजेडात गावाचं तळं चमकत होतं. आमचं प्यायचं पाणी. तिचा हात सकाळी खांद्यापर्यंत गेला होता तो इथं.

"पावडा मारला नि पावडा आत गेला," ती म्हणाली. "हात घातला तर हात पलीकडं."

"मंग सकाळीच का नाय बोलली?" बाबांनी विचारलं.

"बोलले असते तर काय झाला असता? एक घमेला हितं टाकला असता नि परत खांडीवर गेले असता सगले. बाकीचा काठा कोन बघनार व्हता? पोरीनी चार दिवस आधी सांगितला, तिला हसलाव. मी तर जोळात मोजाची पन नाय." ती खड्ड्यात उतरली. "आज पयल्यांदा तुमी माझ्या हातात गोला दिला. गोला माझा, शेत माझा. मंग कुठं लावायचा ता मी ठरवीन."

तिनं गोळा उचलला आणि भोकात बसवला. गुडघा लावून आत दाबला, वरून तळहातानं मारून मारून एकजीव केला. पद्मीकाकीनं तिचं घमेलं त्यावर ओतलं. मागच्या बाईनं तिचं ओतलं.

मग पोशानाना बोलला. तो ओरडला नाही. तो म्हणाला, "वैनी, तुमचा आत पन हाय. बाहेरचा गेला तरी तुमी खाल. माझा काय?"

मला वाटलं, आता ती गप्प होईल. ओट्यावर मी गप्प झाले होते.

"आमच्या आतल्या शेतातला तळ्याखालचा खाचर तुजा," ती म्हणाली. "आजपासून."

"तो माझा शेत हाय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी आधी कधी ऐकला नव्हता.

"व्हय, तुमचा. माझा बाहेर गेला, तुमचा आत राहिला. ह्यो काठा बुजला नसता तर राहिला असता काय?" तिनं हाताचा चिखल लुगड्याला पुसला. "ज्यांचा ज्यांचा आत राहिला, त्या समद्यांनी बाहेरच्यांना वाटा द्यायचा. फुकटचा काठा कोनालाच नको. आमच्यापासून सुरुवात."

बाबांनी आबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आबा बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिले. त्यांचं स्वतःचं शेत आतच होतं, आणि बरंच मोठं होतं.

"रीत मीच सांगली," ते शेवटी म्हणाले. "ज्याच्या हातचा गोला, त्याची खांड. तिनी जितं लावला तितं मिटली. बाहेरची आता कोनाच्या हातानी मिटायची नाय."

बाबा आणि चार जण तरीही बाहेरच्या काठ्यावर परत गेले. पाणी फिरलं होतं. आम्ही आतल्या काठ्याला माती लावत होतो आणि लांबवर ते पाच जण फटीत गोळे टाकताना दिसत होते. त्यांना माती पोचवायला रांग नव्हती. काठ्याचंच एक टोक तोडून ते दुसऱ्या टोकाला लावत होते. चारच्या सुमारास खुंट कलले. चटया वर आल्या, आडव्या झाल्या, आणि पाणी आमच्या शेतात शिरलं. फारसा आवाज झाला नाही. आयनं एकदा मान वर करून तिकडे पाहिलं, मग मला म्हणाली की बघत काय उभी आहेस, पेंढा आण.

बाबा अंधार पडायच्या आधी घरी आले, छातीपर्यंत भिजलेले. आयनं त्यांना पाणी तापवून दिलं. ते तिच्याशी बोलले नाहीत. पुढे गौरी-गणपतीपर्यंत बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पावडा घेऊन आतल्या काठ्यावर होते, आणि तळ्याखालच्या खाचराच्या चार कोपऱ्यांचे दगडसुद्धा पोशानानाबरोबर त्यांनीच रोवले. एक दगड त्यांनी हातभर आपल्या बाजूला सरकवून लावायचा प्रयत्न केला, असं पोशानाना पुढे कितीतरी वर्षं हसून सांगायचा.

दुसऱ्या दिवशी आबांनी जोळ मोजला. मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी आकडा सांगत होते. एकशे एक. एकेकच माणूस पाठवणाऱ्या तीन घरांनी येणं सोडलं होतं. त्यांनी आमच्या घरचं पाणी पिणंही सोडलं आणि माझ्या लग्नाला ती आली नाहीत. त्यातल्या एका घराचा सगळ्यात मोठा वाटा बाहेरच्या पट्ट्यात होता. त्यांना जो वाटा मिळाला तो कमीच होता, असं मला अजून वाटतं. आय म्हणायची, त्यांचा राग खरा आहे, पण त्या रागानं काठा उंच होत नाही.

पाऊस येईपर्यंत आतला काठा चार फूट चढवला आणि पायथ्याला दुप्पट रुंद केला. माती या वेळी पट्ट्यातूनच काढली, भांगाच्या दिवसांत, ओहोटीला, उन्हात दोन दिवस वाळवून. जास्त मेहनत होती आणि रोज त्यावर भांडण होत होतं. मी रोज जाडी मोजत होते.

आयच्या शेतात पुन्हा भात झाला नाही. पहिल्या वर्षी नुसता राखाडी चिखल होता आणि जुन्या भाताची कुजलेली खुंटं. आय तिकडे जात नसे. दुसऱ्या वर्षी मोरस उगवली, तांबूस, खारट. पद्मीकाकीनं ती खुडून आणून भाजी केली आणि मीठ न घालता खायला दिली. आयनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, बापाच्या शेतातलं काहीतरी खाल्लं म्हणायचं. तिसऱ्या वर्षी तिवराची रोपं आली. मी दर पावसाळ्यानंतर जाऊन पट्टी रोवून गाळ मोजत होते. पोरं तिथे जिताडा माशाची पिल्लं धरायला लागली होती आणि त्यावरून पुन्हा जोळात बायकांसकट भांडणं होत होती.

अकराव्या वर्षी आषाढी अमावस्येचं उधाण आणि वादळ एकाच दुपारी आलं. बाहेरच्या काठ्याचं जे काही उरलं होतं ते दिसेनासं झालं. तिवराचे फक्त शेंडे वर होते आणि ते सगळे एकाच बाजूला झुकले होते. आतल्या काठ्यावर सगळं गाव उभं होतं. आय होती, बाबा होते. पोशानाना आपल्या खाचराच्या बांधावर छत्री उलटी झालेली तशीच धरून उभा होता आणि दोन दिवसांपूर्वी लावलेल्या आवणाकडे, भाताच्या कोवळ्या रोपांकडे बघत होता. पाणी रात्री उतरलं.

सकाळी मी दोन बाटल्या भरल्या आणि ओटीवर बसून तपासल्या. खाडीच्या पाण्यात लिटरमागे एकोणीस ग्रॅम मीठ होतं. पोशानानाच्या खाचरातल्या पाण्यात शून्य पूर्णांक तीन.